मामीच्या झाडाला तुरा उरला नाही

नसरामामीनं मस्कतहून फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "माझी खसाब लाल झाली की येते. खाऊन बघते. मग ठरवते, राहायचं का परत जायचं."

खसाब म्हणजे तिची खजुरी. लग्नात मेहर म्हणून सासऱ्यानं तिच्या नावानं दिलेली. आमच्या गावात खलफानमामाच्या मळ्यात अगदी पाटाच्या काठावर उभी आहे. सगळ्यात उशिरा फुलते, सगळ्यात उशिरा पिकते, आणि पिकली की अशी लालभडक दिसते की खालून जाणारा माणूस वर बघतोच. मामीचा सगळा संसार मस्कतला झाला. मामा तिथं बंदरावर गोदाम सांभाळायचा. त्यामुळे स्वतःच्या झाडाचे खजूर तिनं झाडाखाली बसून असे कधी खाल्लेच नाहीत. दर वर्षी कुणीतरी डब्यात घालून पाठवायचं, आणि तो डबा घरी यायच्या आत अर्धा झालेला असायचा, कारण तो आणायला मामा जायचा आणि वाटेत त्याला ओळखीची माणसं भेटायची.

मामा असाच आहे हो. दिलदार म्हणतात सगळे. ईदचं मटण शेजारी आधी जायचं, मुलांच्या ताटात नंतर. मुलाच्या, हैथमच्या वेळी मामीला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी दारात नव्हती, मामानं ती कुणाच्या तरी पाहुण्याला आणायला दिली होती. मामी टॅक्सीनं दवाखान्यात गेली. हैथम आता बापाएवढा उंच झालाय पण मामी ती टॅक्सी विसरलेली नाही.

मामा रिटायर झाला, म्हणाला गावी जाऊ, बापाचा मळा पडलाय, आपण पिकवू, तेव्हा मामी म्हणूनच मस्कतला हैथमकडे राहिली. "तू जा. वर्षभर करून दाखव," म्हणाली. मामानं मनावर घेतलं. इतकं घेतलं की आम्हाला हसू यायचं आणि रडूपण.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं गाजरं लावली. जमीन नीट भुसभुशीत केलीच नाही, खाली खडे, त्यामुळे एकेका गाजराला तीन तीन पाय फुटले. पाटापलीकडचा मर्हून, मामाचा लहानपणचा दोस्त, मामाला अबू हैथम म्हणजे हैथमचा बाप म्हणूनच हाक मारतो. तो एक गाजर हातात धरून म्हणाला, "अबू हैथम, हे खायचं का याला पायजमा शिवायचा?" मुळे मात्र झकास आले. कांदे बरे आले. लिंबाच्या आळ्यात मामानं प्रेमानं इतकं पाणी भरलं की बुंधा कुजला. मामा मला म्हणाला, "वांगं बरं, तहान लागली की मान टाकून दाखवतं. हे लिंबू बघ, काही बोललंच नाही." मला एकदम मामी आठवली.

आणि पाण्याची पाळी! पाटाचं पाणी आपल्या वाट्याला ठरलेल्या वेळीच येतं, ती पाळी गेली की गेली. मर्हूनची मिरची सुकतेय म्हणून मामानं आपली पाळी त्याला देऊन टाकली, आणि मग इकडे काकडी कडू झाली. माझी आई, म्हणजे मामाची बहीण झयाना, ती कडू काकडी तोंडातून थुंकून म्हणाली, "मर्हूनच्या मिरच्या गोड झाल्या असतील ना रे?"

तरी मामा शिकत होता. खरंच शिकत होता. भेंडी दाट पेरायची नाही, खत ओलं टाकायचं नाही, केळीचं पिल्लू कुठलं ठेवायचं कुठलं काढायचं, सगळं. रोज मामीला फोन करून सांगायचा. तीपण ऐकायची. आधी "हं" म्हणायची, मग हळूहळू प्रश्न विचारायला लागली. एकदा म्हणाली, "मेथी लाव ना थोडी." त्या दिवशी मामा गावभर सांगत फिरला, नसरानं मेथी लावायला सांगितलीय.

मग खजुरी फुलायचे दिवस आले. आता आमच्याकडे हे काम वाऱ्यावर सोडत नाहीत. नर झाडाची पोय, म्हणजे फुलांवरचं आवरण, फुटली की आतले पांढरे तुरे काढायचे, मादी झाडावर चढायचं, तिच्या फुलोऱ्यात चार काड्या उलट्या खोचायच्या आणि सैल बांधायचं. नाही केलं तर फळ धरत नाही. मामाच्या मळ्यात एकच नर आहे, पण तो त्याच्या बापानं लावलेला, आणि त्याच्या तुऱ्याला असा वास की अख्ख्या गावात कळतं पोय फुटली म्हणून. मामा कमरेला दोर बांधून स्वतः वर चढला. मर्हून खालून ओरडतोय, "चढताना अल्लाचं नाव घे, उतरताना माझं घे!" आणि खरंच उतरताना मर्हूनलाच शिडी आणावी लागली.

तुरे खाली आले आणि लोक यायला लागले. नराचा तुरा मागितला तर नाही म्हणत नाहीत आमच्याकडे, ती रीतच आहे. पण रीत म्हणजे मागणाऱ्याला चार काड्या द्यायच्या. मामा अख्खे तुरे देत होता. मर्हूनला दिले, मशिदीच्या झाडांना दिले, शाळेच्या मास्तरांना दिले. वर आग्रह! "आणखी घे, माझ्या बापाचा नर आहे, असा तुरा मिळायचा नाही." कहवा पाजून देत होता. शहरात गोदामाच्या दारावर बसणाऱ्या माणसाकडे पहिल्यांदाच असं काहीतरी होतं जे सगळ्या गावाला हवं होतं. त्याचा चेहरा असा फुलला होता की आईलापण रागवायला जीव होईना. तरी तिनं विचारलंच, "खलफान, नसराची अजून फुलायचीय. तिच्यासाठी ठेवलंस?"

"ठेवलंय गं. बघ, कागदात गुंडाळून खुंटीला टांगलंय."

खरंच टांगलं होतं. सावलीत वाळवून, नीट.

आणि खसाब फुटायच्या दोन-तीन दिवस आधी खालच्या गावातून एक माणूस आला. म्हातारा, मर्हूनच्या सासरकडचा. म्हणाला, यंदा आमचा नर वाळला, दोन झाडं तशीच उभी आहेत, तुमचं नाव ऐकून आलोय. तुमचं नाव ऐकून! मी तिथंच होते, कहव्याचे कप गोळा करत होते. मामानं एकदा खुंटीकडे बघितलं. मग उठला आणि ती गुंडाळी काढून त्याच्या हातात दिली. सगळी. मला वाटलं अर्धी ठेवेल, पण अर्धी देणं त्याला जमतच नाही.

आई भडकली. "आता?"

"अगं मर्हूनकडे उरलं असेल की."

"मग जा, माग."

"दिलेलं परत मागू? वेडी आहेस का? काय म्हणेल तो?"

"काही म्हणणार नाही! मर्हून आहे तो!"

गेला. चपला घालून गेला, मर्हूनच्या ओट्यावर बसला, कहवा प्यायला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि न मागता परत आला. जाताना मेथीची जुडीपण देऊन आला. आईनं विचारलं तर म्हणाला, "उद्या बोलतो." उद्या करत करत फुलोरा उघडून तपकिरी पडला. मग मागून उपयोग नव्हता.

खसाबला फळ धरलं, पण ते फोल फळ. एकेका जागी तीन तीन चिकटलेले बारके हिरवे मणी, आत बी नाही, गोडी नाही. असं फळ लाल होत नाही, सुरकुततं नुसतं. मामी फोनवर विचारायची, "माझं झाड कसं आहे?" मामा म्हणायचा, "घड भरपूर आहेत." खोटं नव्हतं ते. आई बाजूला बसून हातानं खुणा करायची, सांग, सांग तिला. तो फोन दुसऱ्या कानाला लावायचा.

खसाब लाल व्हायचे दिवस आले तशी मामी आली, भर उन्हाळ्यात, दोन मोठ्या बॅगा घेऊन. राहायच्या तयारीनंच आली होती ती. कुणी एवढे कपडे नुसतं खजूर खायला आणतं का? आल्या आल्या मळ्यात फिरली. भेंडी तोडून कच्चीच खाल्ली, टरबूज दाबून बघितलं, केळीखाली उभी राहिली. "खलफान, हे सगळं तू केलंस?" म्हणाली, आणि ती हसली तेव्हा मामानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग ती पाटाच्या काठी गेली आणि वर बघितलं.

मर्हून तिथंच होता, त्याला कळलं काय होणार ते. तो पटकन म्हणाला, "वहिनी, यंदा ऐन फुलात पाऊस आला बघा. सगळं धुऊन गेलं."

मामानं नुसतं "हो" म्हणायचं होतं. एवढंच. मी मनात ओरडत होते, म्हण ना, म्हण ना मामा.

"पाऊस नाही," मामा म्हणाला. "तुरा देऊन टाकला मी. ठेवला होता तुझ्यासाठी. पण कुणीतरी आलं."

मामीनं पाटापलीकडे बघितलं. मर्हूनची झाडं तिथून दिसतात, त्यांचे घड वजनानं लोंबत होते.

"कुणीतरी येतंच," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "तू पाऊस म्हणाला असतास ना, तर मी राहिले असते. मला कळलं असतं खोटं आहे, तरी राहिले असते, मला थांबवायला खोटं बोललास म्हणून."

"मग आता?"

"आता तू खरं बोललास. आता मला माहितीये पुढच्या वर्षीपण कुणीतरी येईल."

तिनं रात्रीचं जेवण केलं, आईशी गप्पा मारल्या, आणि सकाळी हैथमला बोलावून घेतलं. मामानं गाडीत भेंडी भरली, टरबुजं भरली, मिरच्या भरल्या, जागा उरेना इतकं. मामीनं एक टरबूज मांडीवर घेतलं, बाकी सगळं काढायला लावलं. "एवढं कुणाला वाटू?" म्हणाली. गाडी गेली. मामा ती काढलेली भेंडी हातात धरून रस्त्यातच उभा.

संध्याकाळी मर्हून पोतं घेऊन आला. वाईट त्यालाही वाटत होतं, पण त्याला बोलता येत नाही सरळ. म्हणाला, "अबू हैथम, ते वरचं फोल काप, माझ्या बकऱ्या तरी खातील."

मामा चढला. सगळे घड कापून खाली सोडले. मर्हून पोत्यात भरायला वाकला तर मामा वरूनच म्हणाला, "राहू दे ते."

"अरे, बकऱ्यांशिवाय कोण खाणार हे?"

"कोणी नाही. तरी राहू दे."

मर्हूननं एकदा वर बघितलं आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकून गेला. मामानं घड घरात आणले, चटई टाकून पसरून ठेवले, पाहुण्यांच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी त्यांना मुंग्या लागल्या. आईनं झाडू घेतला तर मामा म्हणाला, "असू दे झयाना, नसराचे आहेत ते," आणि दारात बसून राहिला, बाहेरून कुणी हाक मारली तरी उठला नाही.