पुस्तक सासऱ्यांकडे गेलं

आमच्या घरात नवं उपकरण आलं की जुनं पुण्याला जातं. हा नियम कोणी केला नाही, पण इतक्या वर्षांत तो मोडलेलाही नाही. फोन गेले, टॅबलेट गेले, एकदा तर इस्त्रीसुद्धा गेली, जिचा प्लग तिथल्या एकाही सॉकेटमध्ये नीट बसला नाही. त्याच नियमानं नवऱ्यानं नवा ई-रीडर घेतला तेव्हा मधला माझ्याकडे आला आणि सगळ्यात जुना कर्वेनगरला सासऱ्यांकडे गेला. खातं मात्र तिन्हींचं एकच, नवऱ्याच्या नावाचं. वेगळं काढलं असतं तर बाबांना आधीची पुस्तकं दिसली नसती. शिवाय ते काढत कोण बसणार?

त्या वर्षी आम्ही डच नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करायचा. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, व्हिसाच्या रांगा मी आयुष्याला पुरतील एवढ्या लावल्या आहेत. पण बाबांना सांगायचं होतं, आणि बाबा अजून दर फोनवर "तुम्ही परत आलात की..." अशी वाक्यं सुरू करायचे. नवऱ्याची एकच अट होती. "फोनवर नाही. डिसेंबरात जाऊ तेव्हा मी समोर बसून सांगेन. तोपर्यंत तू एक अक्षर काढायचं नाहीस."

मी काढलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मी टिलबर्गच्या एका गोदामात ट्रकांची वेळापत्रकं लावते. आम्ही राहतो त्या कापेलहून जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास ट्रेनमध्ये जातात, तेवढ्यात नागरिकत्वासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा अभ्यास होईल असा हिशेब होता. एक शिक्षिका या परीक्षेवरचं आपलं पुस्तक स्वतःच्याच वेबसाइटवर विकते असं कळलं. सोप्या इंग्रजीत, शेवटी कागदपत्रांवर दोन प्रकरणं, आणि मुखपृष्ठावर एक भलामोठा पासपोर्ट. शनिवारी सकाळी मी ते विकत घेतलं. ते लॅपटॉपवर उतरलं. आता ते ई-रीडरवर चढवायचं होतं.

नवरा मुलीला हॉकीला घेऊन गेला होता. मी केबल शोधली. आमच्या ड्रॉवरमध्ये अकरा केबल आहेत. पाच ई-रीडरला बसल्या. पाचांनी तो चार्ज केला. लॅपटॉपला मात्र काही जोडलं गेल्याचा पत्ताच लागला नाही.

मी मैदानावर फोन लावला. माझा नवरा मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा एका देशातून दुसऱ्या देशात हलवतो.

"रिस्टार्ट केलंस का?" तो म्हणाला.

"काय रिस्टार्ट करू?"

"दोन्ही."

"केलं."

"मग केबल नुसती चार्जिंगची असणार."

"पाचही?"

"अगं, मग वेबसाइटवरून पाठव ना. खात्यात जा, फाइल टाक, 'पाठवा' दाब. त्यात काय आहे एवढं?"

त्यात खरंच काही नव्हतं. फाइल टाकली. खाली तीन नावं आली: 'माझा ई-रीडर', 'माझा ई-रीडर दोन', 'माझा ई-रीडर तीन'. तिन्हींसमोर आधीच टिक होती. मला वाटलं, नवऱ्यानं एकच यंत्र तीनदा नोंदवलंय. हा माणूस ट्रेनचं कार्डसुद्धा दोनदा काढतो. 'पाठवा' दाबलं. मिनिटभरात पुस्तक माझ्या हातातल्या यंत्रावर हजर. मी उठून चहा टाकला. स्वतःवर खूश होते.

आधण उकळायला लागलं तेव्हा तीन या आकड्याचा उलगडा झाला. गॅस बंद केला आणि पुन्हा फोन लावला.

"तीन नंबरचा ई-रीडर कोणाचा?"

"बाबांचा. का?"

मी सांगितलं. पलीकडे शिट्ट्या आणि मुलींचा आरडाओरडा चालू होता.

"मुखपृष्ठावर काय आहे?" त्यानं विचारलं.

"पासपोर्ट."

"मोठा?"

"पानभर."

"तिकडे किती वाजलेत?"

अडीच वाजले होते. बाबा जेवून दोनला आडवे होतात, चारला उठतात, चहा घेतात आणि मग वाचायला बसतात. यात लग्न-मुंजीखेरीज बदल होत नाही. म्हणजे हातात दीड तास होता. नवऱ्यानं मैदानावरून तीन उपाय सुचवले: पासवर्ड बदल, बाबांचं यंत्र खात्यातून काढून टाक, शेजारच्या काकांना सांगून त्यांचं वायफाय बंद कर. तिसऱ्या उपायानंतर मी फोन ठेवला. खात्यात गेले, पुस्तक शोधलं, 'सर्व यंत्रांवरून कायमचं काढा' असं बटण होतं ते दाबलं. माझ्या यंत्रावरून पुस्तक गेलं. म्हणजे तिकडूनही गेलं असणार. नवऱ्याला 'काम झालं' असा मेसेज टाकला. त्यानं हात जोडलेली सहा चित्रं पाठवली.

दहा मिनिटांत फोन वाजला. बाबा.

"अगं, मी वाचत होतो ते पुस्तक गेलं कुठे?"

मी खुर्चीवर बसले. "कुठलं, बाबा?"

"ते पासपोर्टचं. तेविसाव्या पानावर होतो. पान उलटलं तर एकदम यादीच समोर. माझा हात चुकीच्या जागी लागला का?"

"नाही, मी काढलं. चुकून तुमच्याकडे आलं होतं. तुम्ही झोपला नव्हता?"

"वीज गेलीय. वायफाय बॅटरीवर चालतं, पंखा नाही. पंख्याशिवाय झोप कसली? परत पाठव."

"बाबा, ते पुस्तक..."

"तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेताय. पहिल्याच पानावर लिहिलंय की हे पुस्तक कोणासाठी आहे. मला वाचता येतं. तो आहे का तिथे?"

"हॉकीला गेलाय. आला की लगेच फोन करायला सांगते."

"तोपर्यंत पुस्तक पाठव. शेवटी कागदपत्रांचं प्रकरण आहे, ते मला बघायचंय."

बाबा जिल्हा परिषदेत अडतीस वर्षं होते. कागदपत्रांचं प्रकरण म्हटल्यावर माझं काही चाललं नसतं. मी पाठवलं. तिन्ही टिक तशाच ठेवल्या.

नवरा आला तो घामाघूम. खेळली होती मुलगी. मी सगळं सांगितलं तेव्हा तो बूट न काढता सोफ्यावर बसला. "तू सांगितलंस?"

"मी एक अक्षर काढलं नाही. त्यांनी तेवीस पानं वाचली."

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, बहुधा मीही अडकावं म्हणून. "बाबा, मी डिसेंबरात येऊन सांगणारच होतो. म्हणजे कसं, हे फक्त प्रवासाच्या सोयीसाठी..."

"थांब. म्हणजे परत येणार नाही, असंच ना?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. हे वाक्य त्याचं होतं.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "राहायला नाही येणार."

पलीकडे पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला. वीज आली असावी.

"बरं," बाबा म्हणाले. "मला अंदाज होता. तू इथे घेतलेली स्कूटर गेल्या वर्षी विकायला सांगितलीस तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं. तिनं ऐकलं नाही. तिला तू सांगायचं, मी सांगणार नाही. ती आत्ता भजनाला गेलीय, सहाला येईल."

"हो."

"आता दुसरं. पान एकशे चार. जन्मदाखला लागतो, पूर्ण नावासकट. तुझ्या दाखल्यावर नाव नाही."

"म्हणजे?"

"तुझी नोंद मी बारशाच्या आधी केली. नावाचा रकाना मोकळा. पुरुष, आईचं नाव, वडलांचं नाव, एवढंच. सगळं आयुष्य तू शाळेच्या दाखल्यावर काढलंस. तिकडच्या लोकांनी कधी विचारलं नाही?"

आम्ही इथे आलो तेव्हा गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाईंनी पासपोर्ट पाहून नाव लिहून घेतलं होतं. जन्मदाखला 'नंतर आणून द्या' म्हणाल्या होत्या. नवऱ्यानं नंतर आणला नव्हता.

"डिसेंबरात आलो की बघू," नवरा म्हणाला.

"डिसेंबरात कोण बघणार? लग्नसराई, सुट्ट्या. मी सोमवारी महापालिकेत जातो. अर्जाला तुझी सही लागेल, स्कॅन करून पाठव. निळ्या शाईनं. आणि तिची परीक्षा कधी आहे?"

"ऑक्टोबरात," मी म्हणाले.

"तुझी?"

नवऱ्यानं तोपर्यंत नावही नोंदवलं नव्हतं. तो बूट काढायला लागला.

"मला वाटलंच," बाबा म्हणाले. "पुस्तक तुझ्याही यंत्रावर आलंय. बागेला पाणी कधी घालायचं नाही, कचरा कुठल्या वारी ठेवायचा, सगळं दिलंय. वाचायला काय होतं?"

दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे सहाला, नवऱ्यानं आईला फोन केला. त्या रडल्या, मग त्यांनी नातीला विचारलं की तू आता कोण, इकडची की तिकडची. ती डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि वर पळाली. सोमवारी बाबांनी महापालिकेची पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. अर्जदाराच्या नात्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात 'वडील' असं लिहिलं होतं, आणि अर्जाचं कारण म्हणून 'परदेशी नागरिकत्व', खाली दोन रेघा मारून.