भागिले सात

पहिल्याच सकाळी मी वाघमोडे साहेबांना गुड मॉर्निंग म्हणालो, तर ते म्हणाले, "दहापैकी किती?"

मी हसलो. ते हसले नाहीत. खिशातलं पेन काढून वाट बघत उभे राहिले. मी घाबरून नऊ म्हणालो आणि त्यांनी ते खरोखर वहीत लिहून घेतलं.

हे वाघमोडे मूळचे सांगोल्याचे. आमच्या हातखंब्याजवळच्या आंबा पॅकिंग हाऊसवर मॅनेजर म्हणून आले होते. मी तिथला गोदामवाला. आता माझं बोलणं कसं, ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मी एकदा पकडलेला सुरमई मासा दर वर्षी वीतभर वाढतो. हल्ली तो होडीत मावत नाही. अशा माणसाच्या नशिबी देवाने हा मोजणारा माणूस आणून ठेवला. मी काहीही सांगितलं की त्यांचं ठरलेलं, "आकडा सांगा की, शिवलकर!" आणि आकडा सांगितला की, "मोजलाय का?"

महिनाभर त्यांनी माझं बोलणं गुपचूप टिपलं, प्रत्यक्ष काय घडलं ते शेजारी लिहिलं आणि एका सकाळी सगळ्यांसमोर निकाल दिला, "शिवलकर सरासरी सातपट बोलतात. आजपासून भागिले सात." तेव्हापासून मी "बाहेर एकवीस टेम्पो उभे आहेत" म्हणून धावत आलो की ते शांतपणे तीन पावत्या फाडायचे. आणि मेले टेम्पो तीनच असायचे!

पण खोटं कशाला बोलू, त्या वहीत ताकद होती. त्या वर्षी आमचे आंबे मुंबईला दबून पोचायचे आणि आम्ही सगळे हायवेच्या खड्ड्यांना शिव्या घालायचो. मी तर एका खड्ड्यात अख्खी रिक्षा नाहीशी झालेली सांगायचो. साहेबांनी पंधरा दिवस प्रत्येक क्रेटवर खडूने खुणा केल्या. निघालं काय? दबलेले सगळे क्रेट थप्पीच्या तळातले. थप्प्या लावायचा कोण? मी. नऊ-नऊ क्रेट उंच, देवळाच्या कळसासारख्या. "खड्डा तुमच्या गोदामात आहे, शिवलकर," एवढंच म्हणाले. थप्पी पाचवर आली आणि दबलेला आंबा दिसेनासा झाला. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात मानायला लागलो. तोंडावर कशाला मानू?

मग मुंबईच्या मुख्य ऑफिसने टीव्हीसारखा एक पडदा पाठवला. आंबे निवडणाऱ्या बायकांच्या टेबलांसमोर तो भिंतीवर लटकला. कोण तासाला किती फळं निवडतं ते नावानिशी दिसायचं, वर हिरवं, खाली लाल. साहेब त्याच्याकडे नव्या नवऱ्यासारखे बघत बसायचे. सोबत हुकूम होता की सीझन संपताना जी तळाला, तिला पुढच्या वर्षी बोलवायचं नाही.

तळाला हमीदाचाची होती. रोज.

चाची आमच्याकडे पहिल्यापासून. प्रत्येक आंबा तळहातावर घ्यायची, क्षणभर थांबायची, मग पेटीत ठेवायची नाहीतर बाजूला. साका शोधायची ती. साका म्हणजे हापूसच्या पोटातली पांढरी स्पंजासारखी खोड. वरून फळ राजासारखं दिसतं, कापल्यावर कळतं. "साक्याचा आंबा हलका लागतो रे बाबा," ती म्हणायची. बाकीच्या पोरी पडदा आल्यापासून पत्ते वाटल्यासारखे आंबे पेटीत टाकत होत्या. सुलभा तर एवढी हिरवी झाली होती की तिच्यावर पोपट बसायचा बाकी होता.

चाचीने मला बाजूला घेतलं. "तुझ्या साहेबाला सांग. मना घरी नको बसवू. माजा घोव तीस वर्षं दुबईत होता तवर संसार गुण्यागोविंदाने झाला. आता परत आलाय, दिवसभर मी कांदा कसा कापते ते बघत बसतो. इथे येते म्हणून दोघं जिवंत आहोत."

मी साहेबांकडे गेलो आणि जीव तोडून बोललो. म्हटलं, "साहेब, चाचीने एकदा धावत्या एसटीतून झाडावरच्या आंब्यातला साका ओळखलाय!"

साहेब पुटपुटत हिशेब करायला लागले. "भागिले सात. म्हणजे एसटी उभी असणार. आंबा झाडावर नाही, हातात असणार." चष्मा पुसला. "तरीपण बघायला पायजे की."

दुपारच्या चहाला त्यांनी चाचीसमोर शंभर आंबे ठेवले. तिने नऊ बाजूला काढले. साहेब सुरी घेऊन बसले आणि शंभरच्या शंभर कापले. नऊमधल्या आठांत साका. उरलेल्या एक्याण्णवांत फक्त एकात. मग सुलभाने पास केलेले शंभर कापले, तर अकरांत साका. गुडघाभर रस साचला होता. बरं, घोटाभर. साहेब कोपरापर्यंत पिवळे होऊन पडद्याकडे बघत राहिले. "मी हात मोजत बसलो, शिवलकर. आंबा मोजलाच नाही."

लगेच त्यांनी मुंबईला कळवलं. उत्तर आलं, नमुना फार लहान आहे. अहो, हे तर आमच्या साहेबांचंच वाक्य! माझ्या तोंडावर त्यांनी ते किती वेळा मारलं होतं! मी आयुष्यात एवढा गार झालो नव्हतो, पण साहेब खूश. "बरोबर बोलतायत ते," म्हणाले आणि प्रत्येक पेटीत टेबलाच्या नंबराची चिठ्ठी घालायला लागले. गिऱ्हाइकाची तक्रार आली की ती कुठल्या टेबलाची, ते कळणार. सीझन संपायला तीन आठवडे होते. चाची रोज लालच. रोज विचारायची, "मी आहे का गेले?" साहेब म्हणायचे, "अजून मोजतोय, चाची."

शेवटी तक्ता झाला. इतर टेबलांच्या तक्रारींचे गठ्ठे, चाचीच्या तीन. मी हात जोडले, "साहेब, शून्य लिहा हो! तीन काय लिहिता? बाईचं आयुष्य आहे!"

"तीन हायत," ते म्हणाले. "शून्य लिहिलं तर तो तुमचा आकडा होईल. मग मुंबईवाले पण सातने भागतील."

तीनच गेले. आणि त्या तिनांवरच मुंबईचा विश्वास बसला. चाची राहिली. पुढच्या सीझनला पडद्यावर तक्रारींचा नवा रकाना आला, त्यात ती हिरवीगार. सुलभासुद्धा आंबा हातावर तोलायला शिकली. पण मग साऱ्यांचाच वेग उतरला, रोजच्या पेट्या घटल्या, आणि मुंबईवाल्यांनी वेगाचा रकाना बघून साहेबांचीच बदली केली, तिकडे देशावर डाळिंबांत. मी भडकलो. साहेबांनी फक्त विचारलं, "घटल्याचा आकडा खरा आहे ना? मग?"

स्टँडवर पोचवायला मी आणि चाची गेलो. चाचीने पाच आंबे दिले. साहेबांनी सवयीने एक तळहातावर तोलला. चाची फणकारली, "माझ्या हातचे आहेत. गाडीत बस."

गाडी सुटताना ते खिडकीतून म्हणाले, "शिवलकर, तुमची फार आठवण येईल."

संधी सोडतो की काय मी! "फार म्हणजे? आकडा सांगा की, साहेब!"

त्यांनी वही काढली, उघडली, तशीच मिटली. "तुमचं मी सातने भागत आलो ना? माझं तुम्ही सातने गुणा."

तेव्हापासून गुणतोय. मूळ आकडा मात्र त्या माणसाने सांगितलाच नाही.