गाडी हलकी असली की

आमच्या गावातली माणसं माझ्या जीपला भ्यायची. गाडीला भिण्यासारखं काय असतं, असं मी पारावर बसून कितीदा तरी विचारलं असेल. विचारताना आवाज चढवायचो. मला स्वतःला काय वाटतं ते मात्र कोणाला सांगत नव्हतो.

गाव तेल्हाऱ्यापासून आत. जमीन काळी, विहिरींचं पाणी खारं, आणि रस्ता असा की पावसाळ्यात खालची माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते, त्यामुळे वरच्या डांबराला लाटा येतात. एसटी सकाळी एकदा यायची, मर्जी असली तर संध्याकाळी. मधला सगळा दिवस माझी जीप. माणसं, सरकीची पोती, शेळ्या, नवरदेव, जे येईल ते. माणसं दाटीवाटीने बसायची, टपावर बसायची, मागच्या पायरीवर लटकायची. एवढा भार झेपावा म्हणून आमच्याकडे गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे मागच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, जास्तीचा पाटा टाकून घ्यायचा. मीही टाकला. मग रिकामी जीप मागून अशी उंच उभी राहायची की शेपूट वर केलेल्या विंचवासारखी दिसायची. जिचं शेपूट जास्त उंच ती गाडी दमदार, असंच आम्ही समजत होतो.

ती वर्षं वाईट होती. शेतीचं काही जमत नव्हतं आणि घराघरात ते दिसत होतं. आमच्याकडे फवारायचं तेही औषध आणि दवाखान्यातलं तेही औषध. अमक्याने औषध घेतलं असं कोणी म्हटलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याचा चेहरा बघायचा, मग धावायचा. अशा वेळी माझी जीप दाराशी लागायची. मागची बाकडी वर उचलून खाली गादी टाकायची, माणूस आडवा ठेवायचा, उशाशी घरचं एखादं माणूस. मग थेट अकोला, मोठा दवाखाना.

पूल ओलांडला की रस्ता सरळ होतो. दोन्ही बाजूंना कडुनिंब, पुढे सपाट कपाशी. तिथे मी पाय दाबायचो. काटा साठच्या जवळ गेला की खालून एक आवाज उठायचा. कानाला कळायच्या आधी तळपायांना कळायचा, कारण पत्रा थरथरू लागायचा. मग तो घशातून आल्यासारखा वर यायचा. तोंडात पदर धरून कोणी बाई रडावी तसा. पाय जरा उचलला की विरून जायचा, दाबला की परत यायचा. रुग्ण मागे आणि अकोला पुढे असताना पाय उचलणार तरी किती.

जे परत आले नाहीत, त्यांच्या घरचे दहाव्याला बसल्या बसल्या सांगायचे, गाडी रडत होती म्हणून. मी चिडायचो. "जे बरे होऊन आले त्याईच्या टायमालेबी रडली होती ते काहून नाई सांगत?" साप चावलेल्या एका माणसाला त्याच्या घरच्यांनी माझी जीप दाराशी उभी असताना मोटरसायकलवर दोघांच्या मधे दाबून नेलं. तो वाचला. त्याने तर माझी पुरती वाट लागली.

एकदा वैशाखात, भर दुपारी, मी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला नेत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पुढे डांबरावर पाणी सांडल्यासारखं चमकत होतं. आवाज उठला. उशाशी त्याची म्हातारी बसली होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आयकू येऊन राह्यलं मले. तू चालव." दवाखान्याच्या दारात म्हातारा गेला. परतताना मी सावकाश आलो, घाई कशाची होती. जीप गप्प. गावाजवळ आल्यावर म्हातारी म्हणाली, "आता काहून रडन. काम झालं तिचं." उन्हाने स्टीअरिंग तापलं होतं तरी बोटं गार पडली.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. मधल्या लांब दांड्याच्या सांध्यातला क्रॉस बदलला, गिअरबॉक्सचं तेल बदललं, तो दांडा काढून अकोल्याला लेथवर तोलून आणला. बॉनेटखाली लिंबू-मिरची बांधली, तीही कोणाला दिसणार नाही अशी. आवाज तिथेच.

अशात बायकोला दिवस गेले. आधीचं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, कळा सुरू झाल्या की इथे थांबू नका, सरळ अकोल्याला न्या, उशीर झाला तर दोघांचंही सांगता येणार नाही. मी म्हटलं, गाडी घरची आहे, काळजी कशाची. त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "मी त्या गाडीत नाई बसत."

"मंग कायच्यात बसशीन?"

"कायच्यातबी. बंडीत न्या. त्या गाडीत नोका नेऊ मले."

अडाण्यासारखं बोलू नको म्हणून मी ओरडलो. ती ओरडणारी नव्हती. ताट धुऊन आली आणि म्हणाली, "अडानी त अडानी. पन तुमी वरात नेली तवा नाई रडली ते. बाजाराच्या दिशीबी नाई रडत. आडवं मानूस असलं तवाच रडते. मले आडवंच न्यायचं हाये ना?"

बैलगाडीत अकोला म्हणजे दिवस मोडला असता, आणि डॉक्टरीणबाईंच्या हिशेबात तेवढा वेळ नव्हता. ऐनवेळी दुसरी जीप मिळेल याची खात्री नव्हती. बायकोला उचलून गाडीत टाकता आलं असतं. पण आवाज उठला आणि तिने जगायचंच सोडलं तर, हे माझ्या डोक्यातून जाईना. मला हे लेकरू हवं होतं आणि ती त्याहून जास्त हवी होती. तोंडाने तसं कधी म्हटलं नव्हतं.

अकोल्यात जिनिंगच्या बाजूला कमानीचं काम करणारे एक चाचा होते. त्यांच्या घरात टांग्यांपासून हेच काम, आणि त्याचा तोरा त्यांना भरपूर. मी सगळं सांगितलं तर पोट धरून हसले. "भाऊ, लोहा रोता नहीं, रोनेवाले अलग रहते." मग मी बायकोचं सांगितलं. हसू थांबलं. "चलो," म्हणाले, "तुमी चलवा, मी मांगं बसतो." आणि बाकडी वर करून स्वतःच गादीवर आडवे झाले.

शहराबाहेर येऊन मी पाय दाबला. आवाज उठला. मग खिडकीवर थाप पडली. गाडी थांबवून मागे गेलो तर चाचा उठून बसले होते, टोपी हातात. "इधर कितने लोगां लेटे होंगे," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी लोखंड रडत नाही हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

त्यांचा पहिला अंदाज साफ चुकला. मागच्या चाकांचे बेअरिंग म्हणाले, बदलले, आवाज तसाच. मी वैतागून परत निघालो होतो, तेव्हा बायकोचं वरातीचं बोलणं आठवलं आणि जाता जाता बोललो. चाचा जागीच थांबले. शेजारच्या जिनिंगमधून सरकीची पोती मागवली. एक पोतं टाकायचं, पळवायचं, ऐकायचं. परत यायचं, अजून एक टाकायचं. मागचा भाग जसा खाली बसत गेला तसा आवाज बारीक होत गेला, आणि एका पोत्याला तो गेलाच. चाचांनी एक काठी घेतली, मागच्या धुरीपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, वर पत्र्यापर्यंत उभी धरली आणि तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारली.

मग कुठे मला उमगलं. इंजिनाकडून मागच्या धुरीकडे जो लांब दांडा फिरत जातो, तो जवळपास सरळ फिरला तर गुपचूप फिरतो. माझ्या जास्तीच्या पाट्याने मागचा भाग उचलून धरला होता, दांड्याचा सांधा वाकडा फिरत होता आणि दर फेऱ्याला हिसका देत होता. कमान मऊ असती तर तिने तो हिसका पोटात घातला असता. माझी कमान दगड झाली होती, तिच्या टोकांचे रबर खाऱ्या चिखलाने खाऊन टाकले होते, लोखंडाला लोखंड लागून सगळी थरथर वर पत्र्यात जात होती. भरलेली गाडी खाली दबते, म्हणून गप्प. रिकामी असली की मी सवाऱ्या हेरत हळू चालवतो, म्हणून गप्प. हलकी आणि वेगात अशी ती एकाच वेळी असायची, मागे आडवं माणूस असताना.

चाचांनी जास्तीचा पाटा काढला आणि सगळ्यात वर, मधे फट ठेवून बसवला. भार आला तरच तो टेकायचा आणि हात द्यायचा, एरवी नुसता बसून राहायचा. धुरी आणि कमान यांच्यात लोखंडी पाचर घालून धुरीचं तोंड दांड्याच्या रेषेत वळवलं. टोकांना नवे रबर. निघताना बायकोसाठी निरोप दिला, "अब नहीं बोलेगी. जच्चा को बोलना, चाचा ने बोला."

गावात येऊन बायकोला म्हटलं, चल, रिकाम्या गाडीत एक फेरी मारू, स्वतः ऐक. ती आली नाही. मला जायचं तेव्हाच जाईन, म्हणाली.

कळा दिवसा सुरू झाल्या, उन्हं नुकती चढत होती. शेजारची मावशी उशाशी बसली. बायकोने जीपकडे एकदा पाहिलं, जसं अनोळखी कुत्र्याकडे पाहतात. चढताना म्हणाली, "रडली त मले तिथंच उतरवजा."

पूल गेला. रस्ता सरळ झाला, मी पाय दाबला. काटा साठला टेकला, पुढे गेला. तळपायांखाली पत्रा शांत. मला इतका आनंद झाला की हसू आलं. त्या रस्त्यावर, त्या वेगात, मी पहिल्यांदाच वारा ऐकत होतो.

आणि कडुनिंब सुरू झाले तसा तो आवाज आला.

तोच. घशातून वर येणारा, तोंडात पदर धरल्यासारखा. मी पाय उचलला. काटा खाली आला, आणखी खाली आला. इतकी वर्षं पाय उचलला की तो विरत असे. आता तो हलला नाही. गाडी रांगायला लागली तरी त्याच सुरात चालू होता. पत्र्याला हात लावून पाहिला, पत्रा मुका होता. मागे वळलो. बायकोने पदर दातांत घट्ट धरला होता, डोळे मिटलेले, आणि आवाज तिच्यातून येत होता.

"काहून थांबून राह्यला तू?" मावशी म्हणाली. "चाल ना बापा."

मी परत पाय दाबला, पण मान ताठ झाली होती. म्हणजे त्या लोखंडाच्या आवाजाखाली हा दुसरा आवाज कायमच होता. गल्लीतला म्हातारा, औषध घेतलेले, सगळे माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर असेच गेले होते, आणि गाडीने त्यांच्यावर पांघरूण घातलं होतं. चाचांनी ते काढून ठेवलं. आता ऐकण्यावाचून सुटका नव्हती, आणि मला भीती वाटली. गाडीची वाटायची त्याहून कितीतरी जास्त.

काय करावं सुचेना, म्हणून मी बोलायला लागलो. मागे आडव्या असलेल्या माणसाशी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. "कडुनिंब सरले," म्हटलं. मागून हुंकार आला. "नाला गेला. आता टेकाड. आता जिनिंगचं धुराडं दिसून राह्यलं." दर वाक्याला तो आवाज जरा तुटायचा, जणू ऐकायला थांबायचा. अकोला येईपर्यंत मी रस्त्यावरचं सगळं तिला सांगितलं, एकही झाड सोडलं नाही.

मुलगी झाली. निळी होती, मग रडली. बायको खूप वेळाने भानावर आली आणि पहिलं विचारलं ते लेकराचं, दुसरं गाडीचं. "रडली का?"

"गाडी नाई रडली," मी म्हटलं. "तूच रडत होती."

"मी?" म्हणाली. "म्या त पदर धरला होता तोंडात. गाडीचा आवाज आयकाले पायजे म्हनून गपचाप होती म्या. पुरा रस्ता."

मी वाद घातला नाही. गाव हळूहळू जीपमध्ये बसायला लागलं, पुढेही कितीतरी आडवी माणसं मी त्या रस्त्याने नेली. कडुनिंब आले की आवाज येतो. पाय उचलून मी आता बघत नाही. जे बरे होऊन परत आले, त्यांना मी विचारून पाहिलं आहे, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की तो गप्प होता. असेल. मी मात्र पूल ओलांडला की बोलायला लागतो. पूल गेला, म्हणतो. आता कडुनिंब.