इवाईबुवांच्या फायली

देवाला माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायची असली, तर तो त्याला दुखणं देतो, कोर्टकचेरी देतो, वाईट शेजारी देतो. माझ्या बाबतीत त्यानं ही सगळी खटपट वाचवली आणि मला व्याही दिले. आमच्या वर्धेकडं व्याह्याला इवाई म्हणतात. माझी पोरगी त्यांच्या घरात दिलेली, म्हणजे मी मुलीचा बाप आणि ते मुलाचे. मुलीच्या बापानं मुलाच्या बापासमोर आवाज चढवायचा नसतो, हा नियम कोणी केला मला माहीत नाही, पण ज्यानं केला त्याचे इवाई फायली बनवत नसणार एवढं नक्की. माझा वर्धेच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या साच्यांचा छोटा कारखाना, आणि त्या साच्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढणारे हे. असा गृहस्थ पूर्ण वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या पोरीनं नेमकं त्यांच्याच घरचं माप ओलांडलं होतं.

राहायला ते सिंदी रेल्वे नावाच्या गावी. फाईल तयार झाली की दुसरा कोणी ती पोस्टानं पाठवील, एसटीच्या कंडक्टरजवळ देईल. इवाईबुवा म्हणत, "फाईल एकटी जात नसते. सोबत कोणी तरी मोठं माणूस लागते." जशी काही ती पहिलटकरीण, माहेरी निघालेली. मग ते स्वतः पॅसेंजरनं यायचे. आधी फ्लॉप्या होत्या, नंतर सीड्या आल्या; पण इवाईबुवांचा थाट तोच. स्टीलचा डबा, त्यात विहीणबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, तुकड्यात फ्लॉपी. माझ्या ग्राइंडरवर लोखंड धरून ठेवणारं चुंबक असतं. चुंबकानं फ्लॉपीतलं सगळं पुसलं जातं असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून ते कारखान्याच्या आत पाऊल टाकत नसत. दारातच खुर्ची मागवायचे आणि डबा मांडीवर घेऊन बसायचे. फ्लॉपीचा जमाना गेला, सीडीला चुंबकानं काही होत नाही असं मी हजार वेळा सांगितलं. "तुमी म्हणता तर नसन होत," म्हणायचे आणि खुर्ची आणखी थोडी मागं घ्यायचे. येणारे-जाणारे गिऱ्हाईक विचारायचे, "हे सोयरे कोणाचे येऊन राह्यले?" इवाई म्हटल्यावर मग चहा आला, पोहे आले, दुपार झाली तर घरून डबा आला. एका फायलीमागं माझा अख्खा दिवस जायचा आणि बायकोचा निम्मा.

बरं, फाईल दिली आणि गेले, असंही नाही. ती समजावून सांगितल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. साच्याचे दोन भाग असतात. एक खोल, तो वस्तूचा बाहेरचा आकार घडवतो, त्याला आम्ही कॅव्हिटी म्हणतो. दुसरा उभा, त्याच्यावर आतला आकार बसतो, तो कोअर. ह्या दोघांच्या मधल्या फटीत प्लास्टिक जाऊन वस्तू निघते. मी हे काम केस काळे होते तेव्हापासून करतो. पण इवाईबुवा माझ्या घरी जेवायला बसले की वरणाची वाटी म्हणजे कॅव्हिटी आणि भाताची मूद म्हणजे कोअर, असं मलाच शिकवायचे. मूद वाटीत दाबून दाखवायचे आणि वरण पाटावर. बायको म्हणायची, "इवाईबुवाईचं जेवण झालं का पाट आंघोळ करते."

पण हेही मी सोसलं असतं. खरा जाच होता तो सुधारणेचा. आज फाईल द्यायचे, मी लोखंड मशीनवर चढवायचो, दोन दिवसांनी हे दारात हजर. मांडीवर डबा. "इवाईबुवा, थोडंसंच आहे." एकदा मी चिडून त्यांच्याकडून वचनच घेतलं. केळझरच्या गणपतीची आण घातली की दिलेल्या फायलीत आता बदल होणार नाही. गणपतीवर त्यांची फार श्रद्धा, त्यांनी आण घेतली. चौथ्या दिवशी आले. मी म्हटलं, "आण घेतली होती ना?" तर शांतपणे म्हणाले, "बदलाची घेतली होती. हा बदल नाई, हे सुधारणा आहे." गणपतीनं हे कसं ऐकून घेतलं, तोच जाणे.

आणि त्या फायलींची नावं! त्यांच्या कॉम्प्युटरच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली होती. कधीही चालू करा, त्यात एकच जुनी तारीख. नवी बॅटरी चार-आठ आण्यांची नसली तरी काही सोन्याची नव्हती. पण इवाईबुवा म्हणाले, "मशीनची तारीख खोटी पडू शकते, तिथी खोटी पडत नाई." तेव्हापासून भिंतीवरचं पंचांग बघून फायलीला नाव. 'कार्तिक वद्य सप्तमी' म्हणजे बादलीचं झाकण. 'माघ शुद्ध दशमी' म्हणजे स्विचची पेटी. बुटीबोरीला ज्यांच्याकडं कॉम्प्युटरवर चालणारी मोठी मशीन होती, ती मंडळी आमच्या कॅव्हिट्या करून द्यायची; कोअर मी करायचो. त्यांच्यातला एक दाक्षिणात्य इंजिनीअर मला फोनवर विचारायचा, "भाऊसाहेब, ये वद्य क्या होता है?" मी काय सांगणार, कपाळ?

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगून राह्यलो, ते ऐका. फवारणीचे पंप बनवणारा एक कारखानदार माझ्याकडं आला. तोवर मी साचे दुरुस्त करायचो, दुसऱ्यांच्या साच्यांचे लहानसहान भाग करायचो; पूर्ण साचा माझ्या नावावर एकही नव्हता. त्याच्या पंपाची टोपी गळायची. पाठीवर पंप, पंपात विष, आणि टोपीतून ते मजुराच्या पाठीवर उतरायचं. सदरा भिजायचा, कातडी जळायची. त्याला नवी टोपी पाहिजे होती. तो म्हणाला, "बाबाजी, दसऱ्याच्या आत चांगली टोपी काढून द्या, मग पुढचे सगळे साचे तुमचे. नाई जमलं तर मी राजकोटले सांगतो, मंग मले बोलू नका." राजकोट म्हटलं की आमच्यासारख्यांचं तोंड कडू होतं. इकडचं काम एकदा तिकडं गेलं की परत येत नाही. मी जन्मभर दुरुस्तीवाला राहायचा की साचेवाला व्हायचा, ते त्या टोपीवर होतं.

त्या साली श्रावण अधिक आला. दोन श्रावण, आधी अधिक आणि मागून निज. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, म्हणून मी डबा घेऊन सिंदीला गेलो. इवाईबुवांनी अनारसे काढून घेतले, आणि डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात टोपीची सीडी ठेवली. मी आनंदलो. ह्या खेपेला फाईल मीच आणली, म्हणजे चहापोहे वाचले! परत आलो, कोअर करायला घेतला.

पुढं निज श्रावण लागला आणि इवाईबुवांच्या अंगात सुधारणा आली. शेतात फवारा मारणाऱ्यांच्या मागं मागं ते दोन दिवस धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं, हिंडले. टोपीच्या आत रबरी वायसरला, गळती थांबवणाऱ्या त्या चकतीला, जागा पाहिजे, त्यासाठी टोपी थोडी मोठी पाहिजे, असं त्यांच्या ध्यानात आलं. फाईल सुधारली. एक सीडी स्वतः बुटीबोरीला पोचवली, कॅव्हिटीसाठी. दुसरी माझ्यासाठी जावयाजवळ दिली, कारण जावई स्कूटरनं वर्धेला येणारच होते. जावई आले, जेवले, गेले. सीडी स्कूटरच्या डिक्कीतच राहिली.

आम्ही विचारलं नाही असं नाही. त्यांनी फोन केला, "इवाईबुवा, श्रावण शुद्ध पंचमीची मिळाली ना?" माझ्यासमोर सीडी, तिच्यावर लिहिलेलं, श्रावण शुद्ध पंचमी. म्हटलं, मिळाली. बुटीबोरीचा फोन आला, "आप का कौनसा फाईल है?" म्हटलं, श्रावण शुद्ध पंचमी. "सेम, सेम," तो खूश. मीही खूश. एवढी खातरजमा तर मी पोरीची सोयरीक करताना केली नव्हती.

गणपती बसले, उठले, आणि आम्ही साचा बसवला. पहिली टोपी निघाली. बाहेरून मामाची, आतून भाच्याची! कोअर लहान, कॅव्हिटी मोठी. भिंत जाडजूड, थंड होता होता वाकडी झालेली, आणि वायसरला जागा नावालाही नाही. कारखानदार बाजूलाच उभा होता. तो खिशातून मोबाइल काढून बाहेर गेला. मला वाटलं, लागला राजकोटला.

दुसऱ्या दिवशी इवाईबुवा आले. दारातच मी टोपी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हा कोअर तर अधिकातला आहे."

"अधिकातला म्हंजे?"

"अधिक श्रावणातली पंचमी. तुमी निजातली घ्याले पाह्यजे होती. हे नागपंचमीची फाईल आहे. अधिकात नागपंचमी असते का, इवाईबुवा? लहान पोरगंबी सांगन!"

"मंग तुमी काऊन नाई सांगितलं? अन् निजातली कुठं आहे?"

"जावयाजवळ दिली होती."

आता जावयाला बोलता येत नाही, इवायाला बोलता येत नाही. मग मी बोलायचं कोणाला, लेथ मशीनला? डोक्यातलं सगळं तोंडात आलं. "लोखंडाले समजते का अधिक न् निज? तुमचं पंचांग घाला चुलीत! माझा कारखाना बुडून राह्यला अन् तुमी मले तिथ्या सांगून राह्यले! नाई पाह्यजे मले तुमची फाईल, नाई पाह्यजे सुधारणा!" मशीनवरची माणसं थांबली. इवाईबुवांनी टोपी परत माझ्या हातात ठेवली आणि ते फाटकाकडं गेले. मी टोपी हातात घेऊन उभा. मला पोरगी दिसायला लागली. संध्याकाळी तिच्या घरात काय होईल ते दिसायला लागलं.

पण ते गेले होते फाटकाजवळच्या टपरीवर. सुपारीची पुडी घेऊन परत आले, चपला दारात काढल्या आणि थेट आत, ग्राइंडरच्या शेजारी येऊन एका लोखंडी ठोकळ्यावर बसले. "लावा मशीन," म्हणाले. "नवीन कोअर होईपर्यंत मी इथून हलत नाई. आणि तोंडबी उघडत नाई."

कारखानदाराची मुदत दसऱ्याची होती; तोवर वेळ होता, पण फार नव्हता. जावयाच्या डिक्कीतली सीडी मागवून मी कोअर नव्यानं उभा केला. इवाईबुवा रोज पहिल्या पॅसेंजरनं यायचे आणि ठोकळ्यावर बसायचे. मध्येच एखादी सुधारणा त्यांच्या चेहऱ्यावर उगवायची. ओठ हलायला लागायचे. लगेच ते सुपारी तोंडात टाकायचे. एक दिवस मला राहवलं नाही, म्हटलं, "सांगून टाका, पोट फुगन तुमचं." त्यांनी मान हलवली आणि दुसरी सुपारी टाकली. तेवढ्या दिवसांत त्यांनी टपरीवाल्याचं भलं केलं.

साचा दुसऱ्यांदा बसवला. टोपी निघाली, तिच्यात वायसर बसला. पंप पाण्यानं भरून कारखानदारानं तो उलटा टांगला आणि आम्ही खाली पाहत उभे राहिलो. थेंब नाही. बराच वेळ पाहिलं, थेंब नाही. कारखानदार म्हणाला, "बाबाजी, आता बादलीच्या साच्याचं पाहून घ्या." मी इवाईबुवांना म्हटलं, "वायसरची जागा बरी काढली तुमी." त्यांना काय झालं कोण जाणे, चहा न घेता स्टेशनवर निघून गेले.

नंतर काळ पुढं गेला. फायली इंटरनेटच्या तारेवरून येऊ लागल्या. इवाईबुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, जावयाची पुण्याला नोकरी लागली, आणि ते सगळे तिकडं निघाले. मी वर्धा स्टेशनवर पोचवायला गेलो. संध्याकाळची वेळ, शेतातनं फवारणी करून आलेला एक मजूर पंप पाठीवर घेऊन फलाटावर उभा होता. आमच्या टोपीचा पंप. इवाईबुवा मला सोडून तिकडं गेले. त्या माणसाला काही न विचारता त्यांनी पंपाच्या पट्ट्यामागून हात घातला आणि त्याच्या पाठीवरचा सदरा वरपासून खालपर्यंत चाचपला. तो दचकून वळला, "काऊन बाबूजी, का झालं?"

"काई नाई," इवाईबुवा म्हणाले. मग मोतीबिंदूचे डोळे बारीक करून मला शोधलं आणि ओरडले, "पाठ कोरडी आहे!"

गाडी आली, जावयांनी त्यांना हाताला धरून चढवलं, गाडी सुटली. तो पंपवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बुढा थोडा येडा होता का, बाबाजी?"

मी म्हटलं, "माझे इवाई आहेत ते."

त्यानं पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला. गाडीचा शेवटचा डबा पुलापलीकडं गेला तरी आम्ही दोघं तिकडंच पाहत उभे होतो.