मादागास्करचा आंधळा कोळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीही सांगितल्या आहेत. थापा मारण्यात अख्ख्या पुण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ही एक थाप — कसं सांगू — जरा लांबली.

सोळा वर्षांचा होतो. बुधवार पेठेत गोगटेकाकांचं रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान होतं. तिथे मी पहिल्यांदा आफ्रिकेतले ढोल ऐकले आणि पुढे आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. खोटं वाटतं? बरं, एक दिवस.

काकांचा नियम होता. उभ्याउभ्या एकच गाणं ऐकायचं. दुसरं मागितलं की काका म्हणत, "ही धर्मशाळा नाही." पण काकांनी न ऐकलेल्या गायकाचं नाव जो सांगेल, त्याला काउंटरच्या आत स्टूल, कानाला हेडफोन आणि हवं तितकं ऐकायची मुभा. ते स्टूल कायम रिकामंच. काकांनी न ऐकलेलं होतंच काय?

आणि मला तर ती भिंतभर लावलेली प्रत्येक रेकॉर्ड ऐकायची होती. आत नक्की काय असेल? कुणाचा आवाज, कुठलं वाद्य?

म्हणून मी एक माणूस तयार केला. तोबी रामांगा. मादागास्करचा आंधळा कोळी. वल्ह्याला तारा बांधून वाजवतो, आणि मासे ऐकायला वर येतात. मुंबईला मामाकडे ऐकला, असं ठोकून दिलं. मासे जरा जास्त झाले होते. पण काका हसले नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाले, "नाव लिहून दे." आणि स्टूल ओढलं.

दोन वर्षं बसलो तिथे. गाण्यातलं मला जे काही कळतं, ते सगळं त्या स्टुलावरचं. आणि काका? ते तोबीला शोधत होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांना पत्रं, परदेशी निघालेल्या गिऱ्हाइकांच्या हाती चिठ्ठ्या. टवाळ मंडळी विचारायची, "काय काका, कोळी लागला का गळाला?" हसणाऱ्यांत — हो, मीही असायचो. एकदा दुकान बंद ठेवून ते स्वतः मुंबईला जाऊन आले. रिकाम्या हाताने. मला म्हणाले, "तू ऐकलायस ना? मग असणारच."

तेव्हाच का नाही बोललो? स्टूल गेलं असतं. दुसरं कारण नाही.

दुकान कधीच बंद झालं. मागच्या महिन्यात काकांना भेटायला बिबवेवाडीला त्यांच्या मुलीकडे गेलो. नव्वदीला टेकलेत. नातीला म्हणाले, "हाच तो. याने ऐकलाय." नातीने फोनवरून नजर उचलली. "आजोबा, मी सगळीकडे सर्च केलं. असा कुणीच नाहीये." आणि माझ्याकडे बघत राहिली — तिला कळलं असावं.

काका मात्र माझ्याकडे झुकले. "आवाज कसा होता रे त्याचा?"

आता सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं. आणि म्हणालो — घोगरा, काका. भिजलेल्या दोरखंडासारखा. मग तिथल्या तिथे एक चाल रचली आणि गाऊन दाखवली. काका डोळे मिटून बोटांनी ठेका धरत होते.

संपल्यावर म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा गायलो — चाल तीच राहील, याची काळजी घेत.