सहा जावांचे कुलूप

दिनांक ११ नोव्हेंबर १९४४ रोजी आमच्या भात संघाने मुंबईहून एक कुलूप सत्तेचाळीस रुपये बारा आण्यांना विकत घेतले. मी त्या वेळी संघात कारकून होतो आणि माझा महिन्याचा पगार पस्तीस रुपये होता. कुलपावर कोरलेली अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. विकणाऱ्याने ते रशियन असल्याचे सांगितले, म्हणून आम्हीही तसेच म्हणत आलो.

पोशीरच्या वेशीवर संघाचे भाताचे कोठार होते. त्याच्या सागवानी दाराला आतल्या बाजूने हे कुलूप बसवायचे होते. अध्यक्ष आबाजी दहिवलीचे. बोलायला करडे, पण हिशेबाला चोख. संघाच्या नियमाप्रमाणे किल्ल्या दोन हव्यात, एक अध्यक्षांकडे आणि एक मापाडी सहदेवकडे. कुलपाबरोबर किल्ली आली एकच. दुसरी करून घेण्यासाठी चांगोला बोलावले.

चांगो पोशीरचाच. दीड एकर भातशेती, आणि पावसाळा सोडून नेरळला डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीच्या कारखान्यात कानस चालवण्याचे काम. अंगाने काटकुळा, बोलणे थोडे. त्याला लिहिता-वाचता येत नसे. पण अंगठ्याचे नख धातूवरून फिरवून तो केसाएवढा उंचसखलपणा सांगत असे. गावात कोणाचीही पेटी अडली की चांगोकडे जाई. पेटी उघडून झाली की तो मान वळवून बसे आणि आत काय आहे ते कधी पाहत नसे. याची गावात थट्टाही व्हायची.

त्याने कुलूप घोंगडीवर उघडले आणि दोन दिवस त्याला हात न लावता नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून समजावून सांगितले. आत पितळेच्या सहा पाती एकीवर एक होत्या. किल्लीचा दात प्रत्येक पातीला तिच्या ठरलेल्या उंचीवर उचलतो. सहाही बरोबर उचलल्या की त्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि दार अडवणाऱ्या दांड्याचा खुंट त्यांतून सरकतो. एक जरी कमी-जास्त उचलली, तर दार उघडत नाही.

"एका घरातल्या सहा जावा हायत ह्या," तो म्हणाला. "सगळ्या एका टायमाला उठल्या तरच घर चालतं."

किल्लीला दोन्ही बाजूंनी दात होते, त्यामुळे एका बाजूचा ठसा घेऊन भागत नसे. भोकामागे एक फिरती चकती होती. किल्ली वळली की ती भोक झाकून टाकी, म्हणजे दोन तारा एकदम आत घालता येऊ नयेत. पातींच्या कडांना खऱ्या खाचेच्या अलीकडे उथळ, खोट्या खाचा होत्या. तारेने चाचपणाऱ्याला वाटावे की जमले, आणि खुंट तिथेच अडकावा. सहावी पात सगळ्यांत वेगळी. तिला कोणी गरजेपेक्षा जास्त उचलले की ती वरच अडकून बसे. मग खरी किल्लीसुद्धा चालत नसे. किल्ली आधी बंद करण्याच्या बाजूला पूर्ण फिरवायची, की ती खाली येई. तिचे नाव चांगोने रुसकी ठेवले.

"ज्यानं हे केलं," तो म्हणाला, "त्यानं चोराला आपल्या घरात ठेवून घेतला आसंल महिनाभर. त्याबिगार येवढं सुचायचं नाय."

दुसरी किल्ली त्याने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेच्या लोखंडातून नऊ दिवसांत कानसून काढली. दोन्ही किल्ल्या शेजारी ठेवल्या तर रंगाखेरीज फरक दिसत नव्हता. आबाजींनी नव्या किल्लीने स्वतः दार उघडले, पुन्हा लावले, पुन्हा उघडले. कौतुकाचा शब्द काढला नाही; पण पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती किल्ली दाखवत असत.

मे १९४६ मध्ये बियाण्याचे वाटप करायला कोठारातली थप्पी उतरवली, तेव्हा अकरा गोण्या कमी भरल्या. दार शाबूत, कुलूप शाबूत. आबाजींवर किंवा सहदेववर संशय घ्यायला कोणी धजले नाही. दुसरी किल्ली करणाऱ्याने तिसरीही केली असणार, एवढे सोपे उत्तर सगळ्यांच्या तोंडी आले. दोन दिवसांत लोकांनी चांगोच्या घरी दुरुस्तीला दिलेल्या पेट्या आणि कुलपे परत नेली. सोमवारच्या पंचांच्या बैठकीत त्याचे नाव पोलिसांत द्यायचे की नाही, ते ठरणार होते. आबाजींनी हे त्याला त्याच्या अंगणात येऊन तोंडावर सांगितले.

चांगोने एवढेच मागितले, की बैठक कोठाराच्या दारात घ्यावी आणि तोवर कुलपाला कोणी हात लावू नये.

सोमवारी सकाळी पंच आणि निम्मे गाव कोठारापुढे जमले. चांगोने कुलूप काढून घोंगडीवर ठेवले आणि एकेक पात आबाजींच्या तळहातावर दिली. तिसऱ्या आणि पाचव्या पातीच्या खोट्या खाचांत बारीक, चकचकीत ओरखडे होते. बाकी पितळ काळवंडलेले. आपण केलेल्या किल्लीने कोणी उघडले असते तर खुंट खोट्या खाचांत अडकून असे ओरखडे पडले नसते, असे त्याने सांगितले. मग सहदेवला विचारले, की किल्ली कधी अडली होती का. सहदेवने आठवून सांगितले, की शिमग्यानंतर एका सकाळी ती फिरेना. चिडून उलटी फिरवली, मग उघडले. किल्लीत कचरा असेल म्हणून त्याने ती धोतराला पुसली आणि विसरून गेला.

"कचरा नाय," चांगो म्हणाला. "रुसकी वर बसली व्हती. कुनीतरी आदल्या राती तार घातली, पन त्याला उघडलं नाय. भात ह्या दारातनं गेलंच नाय."

पंचांतले धाऊ खवचट म्हणून प्रसिद्ध. ते म्हणाले, "ओरखडं तू नाय काढलंस कशावरनं रं? कुलपातलं तुलाच कळतं."

  भाताची दुसरी वाट शोधायला चांगो उठून कोठाराच्या मागे गेला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे.

कोठाराचे दार सागवानी, कुलूप रशियन. मागची भिंत मात्र कुडाची होती. कारवीच्या उभ्या काठ्या बांधून वर शेणमातीचा लेप, गावातल्या कोणत्याही घराची असते तशी. दीड वर्ष आम्ही पाहुण्यांना दार दाखवत होतो. मागे कोणी फिरकले नव्हते. कूड एकसारखा सारवलेला दिसत होता. चांगोने बायकोला हाक मारली. कोठार वर्षातून दोनदा मोतीबाईच सारवत असे.

तिने भिंतीपुढे बसून हात न लावता पाहिले. गुडघ्याच्या उंचीवर, हातभर रुंदीच्या एका जागी तिने बोट नेले.

"ह्यो माजा हात नाय," ती म्हणाली. "माजा हात कमानी काढीत जातो. हितं सरळ वरनं खाली पुसलंय. हे बाप्यानं सारवलंय."

बायका हसल्या. पुरुषाने सारवलेले पाहिल्याचे कोणाला आठवत नव्हते. धाऊंनीच पुढे होऊन लेप खरवडला. आत कारवीच्या काठ्या कापून नव्या सुंभाने परत बांधल्या होत्या. भिंतीला लागून असलेली थप्पीची मागची ओळ तिथून एकेक गोणी करून गेली होती. पुढच्या ओळी जागच्या जागी असल्याने थप्पी भरलेलीच दिसत राहिली.

चोर कोण ते शेवटपर्यंत कळले नाही. आबाजी मात्र त्या भरल्या जमावात चांगोपुढे उभे राहून म्हणाले, "माझं चुकलं, चांगो." त्यांना तसे म्हणताना मी आधी किंवा नंतर कधी ऐकले नाही.

चांगो म्हणाला, "कुलूप उघडलं गेलं नाय, येवढं वहीत लिवा."

ते मीच लिहिले. ठराव क्रमांक सात. चांगोने त्यावर अंगठा देण्याआधी तो मला दोनदा वाचायला लावला. दुपारपर्यंत चार माणसे आपापली कुलपे घेऊन त्याच्या अंगणात बसली होती. मोतीबाईने त्यांना पाणी दिले, पण बसायला घोंगडी टाकली नाही.

कोणी तरी तार घालून चाचपले आहे म्हटल्यावर कुलूप होते तसे ठेवणे चांगोला पटेना. त्याने पातींचा क्रम बदलला, खोट्या खाचा घासून साफ केल्या आणि दोन नव्या किल्ल्या केल्या. बिल नऊ रुपये चार आणे झाले. त्याच महिन्यात मागची भिंत विटांची बांधायला काढल्याने रोख कमी होती, म्हणून संघाने सहा रुपये दिले. बाकी पुढच्या सभेत मंजूर करायची ठरली आणि त्या सभेच्या कामकाजात हा विषय घ्यायचा राहून गेला. चांगोने मागणी केली नाही. तो १९५८ साली वारला. त्याचे तीन रुपये चार आणे संघाकडून अजून येणे आहे.