हस्ताचं वाहन

पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस. कोल्हा किंवा मेंढा आला तर आभाळाकडे बघत बसायचं. नक्षत्रं दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास लागतात, वाहन मात्र बदलतं. जतजवळच्या आमच्या वस्तीवर हे वाचून सांगायचं काम मालकांचं. पौषात ते गेले आणि काम माझ्याकडे आलं, कारण मी चौथी शिकलेली. पण विचारणारे उरले नव्हते. सगळ्यांकडे फोन आहेत.

एक मेंढपाळ तेवढा यायचा. त्याची मेंढरं आमच्या पडीक माळावर बसायची. माझा मुलगा सांगलीला, त्याचा फोन रविवारी. बाकी सहा दिवस माझ्याशी बोलायला हाच.

सप्टेंबरात त्याने विचारलं, "आवं वैनी, हस्ताचं वाहन काय हाय? पाऊस असला तर दिवाळीपतोर थांबतो, न्हाईतर कृष्णाकाठ धरतो."

भिंतीवरचं कॅलेंडर बघून मी म्हटलं, "बेडूक."

"मग थांबतो. ठेवा च्या."

"फोनात बघत जावा की."

"त्यो सकाळी एक बोलतो, सांजच्याला दुसरं. तुमी निदान एकदाच बोलता."

तो गेल्यावर मी पुन्हा कॅलेंडरापाशी गेले. पुढच्या आठवड्यातल्या एका तारखेवर मालकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : सांगली, दवाखाना. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. मुलाने दिलेलं नवं ट्रंकेवर गुंडाळून पडलेलं. ते उघडलं. हस्ताचं वाहन मेंढा.

सांगितलं की तो जाणार, हे मला कळत होतं. दोन दिवस तो येऊन चहा पिऊन गेला आणि मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बांधावरचं गवत वाळलेलं दिसलं. मेंढरं उपाशी मेली असती. चहा हातात द्यायच्या आधीच सांगून टाकलं.

तो हसला. "माजंच जनावर माज्या मुळावर उठलं म्हणायचं. पर दोन दिस गप का बसला?"

"चष्मा सापडत नव्हता."

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. तो दिवसभर तिथेच असतो, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने चहा संपवला, कप पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला मेंढरं घेऊन गेला.

हस्त लागला आणि चार दिवस पाऊस पडला. ओढा दोन्ही काठ धरून वाहिला. माळावर गुडघाभर गवत झालं, खायला एक मेंढरू नाही.

रविवारी मुलाने विचारलं, "पाऊस कसा आहे?"

म्हटलं, "चांगला झाला." मेंढ्याने बेडकाचं काम केलं, हे त्याला सांगून कळलं नसतं. ज्याला कळलं असतं तो कृष्णाकाठी होता.